शाळा सोडण्याचे कारण

शाळांच्या स्मरणिका कुठल्याही उघडून बघा, पहिली दहा-बारा पानं सगळ्यांची सेमच असतात. संस्थापकांचा काळ्या टोपीतला फोटो, मग विद्यमान अध्यक्षांचा त्याहून मोठा फोटो, मग नगरसेवक-आमदार-खासदार या क्रमाने शुभेच्छा, मग छोट्याशा रोपट्याचा वटवृक्ष झाला हे वाक्य, मग निकालाची टक्केवारी आणि बोर्डात आलेल्यांची नावं, त्यानंतर थेट पतपेढी आणि केटरर्सच्या जाहिराती. आमच्या शाळेच्या रौप्यमहोत्सवाची आणि सुवर्णमहोत्सवाची अशा दोन्ही स्मरणिका माझ्याकडे आहेत आणि दोन्हीत 'शाळेचा इतिहास' या मथळ्याखाली तोच मजकूर आहे, अगदी तोच, मधल्या काळात फक्त मुख्याध्यापकांच्या यादीत काही नावं वाढली.

आता अमृतमहोत्सव. कमिटीने इतिहासाचं काम माझ्याकडे दिलं, कारण काय तर "तू फेसबुकवर लिहितेस ना". शाळेचं नाव मी मुद्दामच घालत नाहीये. लालबाग-परळ-काळाचौकी-शिवडी या पट्ट्यातली कुठलीही मराठी माध्यमाची शाळा डोळ्यासमोर आणा, फार फरक पडणार नाही.

तर मी ऑफिसात जाऊन क्लार्कना विचारलं की जुनं जनरल रजिस्टर बघायला मिळेल का. मला वाटलेलं माळ्यावरून काढावं लागेल, धूळ झटकावी लागेल, पण रजिस्टरं टेबलावरच होती. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधायची जी मोहीम सुरू झाली, त्यात शाळांच्या जुन्या रजिस्टरांना अचानक असा भाव आला की विचारू नका. शिवाय जात पडताळणीवाले आधीपासून होतेच, त्यांना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीची नोंद लागते, ओबीसीसाठी ती तारीख धरतात. त्यामुळे आजोबा कधी आठवीत होते हे शोधत माणसं राजापूरहून, पाटणहून शाळेत येऊन बसतात. ज्या वह्यांकडे पन्नास वर्षं कोणी ढुंकून बघितलं नाही त्या आता प्लॅस्टिक कव्हरात आहेत. मुख्याध्यापिका मॅडमनी एकच अट घातली, कोणाचं नाव लिहायचं नाही. योग्यच आहे.

जनरल रजिस्टर ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. आडवी लांबलचक वही, एका मुलाला एक ओळ, दोन पानांवर पसरलेली. नोंदणी क्रमांक, नाव, जात, जन्मस्थान, जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख आणि त्याच्या शेजारी शाळा सोडण्याचे कारण. शेवटी शेरा. तुमचा-माझा शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे या ओळीची नक्कल. वर्तणूक सगळ्यांची 'चांगली' आहे, आमच्या वर्गातल्या ज्या मुलांनी प्रयोगशाळेतली गॅसची नळी पळवली होती त्यांचीसुद्धा.

पहिल्या खंडातली जन्मस्थानं वाचत गेलं की एसटीचा बोर्ड वाचल्यासारखं वाटतं. लांजा, देवरूख, मालवण, देवगड, मग घाटावरची पाटण, मेढा, भोर, जुन्नर. मुलगा मुंबईत शिकतोय पण जन्मला गावी. आणि जन्मतारीख? १ जून. खाली १ जून. परत १ जून. जन्माचा दाखला वगैरे काही नसायचा, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, गुरुजी पोराकडे बघून अंदाजाने वर्ष ठरवायचे आणि तारीख टाकून मोकळे. आमच्या बाबांचीही तीच. ते बेस्टमध्ये कंडक्टर होते, ३१ मेला रिटायर झाले तेव्हा डेपोत त्या दिवशी निरोप समारंभांची रांग लागलेली. आणि आजही १ जूनला फेसबुक उघडलं तर अर्ध्या कोकणाचा वाढदिवस असतो.

पण ही शाळा मुळात इथे एवढ्या उशिरा का आली, हा प्रश्न कुठल्याच स्मरणिकेने विचारलेला नाही. गिरण्या तर १८५० च्या दशकात सुरू झाल्या. कावसजी दावर यांची पहिली गिरणी ताडदेवला, मग पुढच्या पन्नास-साठ वर्षांत परळ-लालबाग चिमण्यांनी भरून गेलं. हायस्कुलं मात्र खाली, गिरगाव, फोर्ट, धोबीतलाव. डॉ. आंबेडकर लहानपणी परळच्या चाळीत राहायचे आणि शिकायला एल्फिन्स्टन हायस्कूलला जायचे, तिथूनच १९०७ साली मॅट्रिक झाले. गिरणगावात शाळा होत्या त्या मुख्यतः म्युनिसिपालटीच्या, आणि त्या प्राथमिक. १९२५ साली मुंबईत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू झालं तेही आधी एफ आणि जी वॉर्डात, म्हणजे आमच्याच भागात. पोरगं सातवीपर्यंत म्युनिसिपालटीच्या शाळेत जायचं, सातवीची फायनल परीक्षा द्यायचं, आणि मग काकाच्या ओळखीने जॉबरसमोर, म्हणजे गिरणीत कामगार भरणाऱ्या मुकादमासमोर, उभं राहायचं. त्यापुढे शिकायची हौस असली तर रात्रशाळा. कामगार नेते ना. म. जोशींनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली, तिचं रात्रशाळा आणि वाचनालयांचं काम हे आमच्या भागातल्या शिक्षणाचं खरं पहिलं पान आहे असं माझं मत. एन एम जोशी मार्ग म्हटलं की आता लोकांना पब आणि ऑफिसं आठवतात, जाऊदे.

आमची शाळा स्वातंत्र्यानंतरच्या एक-दोन वर्षांत निघाली. आठवी ते अकरावी. तेव्हाच युनिव्हर्सिटीची मॅट्रिक जाऊन एसएससी आली होती. आणि बाळासाहेब खेरांच्या सरकारच्या धोरणामुळे मराठी शाळेत इंग्रजी आठवीपासून, म्हणजे चौदा वर्षांचा मुलगा आमच्या शाळेत येऊन पहिल्यांदा एबीसीडी गिरवायचा आणि चार वर्षांत त्याच विषयाचा बोर्डाचा पेपर द्यायचा. जुन्या निकालांत नापासांची संख्या बघून कोणी नाक मुरडू नये एवढंच म्हणते.

प्रवेश अर्जांचे गठ्ठे काही वर्षांचे शिल्लक आहेत, सुतळीने बांधलेले. त्यात पालकाचा व्यवसाय हा रकाना. 'गिरणी'. बस्स, एवढंच. क्वचित कोणी कौतुकाने खात्याचं नाव लिहिलंय, विणखातं, साचेखातं. कुठे मिलचं नाव, मोरारजी, जाम, फिनले, दिग्विजय. मधूनच एखादा म्युनिसिपालटी, एखादा गोदी, एखादा पोलीस. यशवंतराव चव्हाणांच्या काळात ईबीसीची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांची, फी सवलत आली तेव्हापासून अर्जाला उत्पन्नाचा दाखला जोडलेला दिसतो, वर्षाला १२०० च्या आत. या सवलतीने काय केलं ते रजिस्टरात उघड दिसतं, त्याआधी नववीतच 'कामास लागला' असा शेरा मारून संपणाऱ्या ओळी नंतर अकरावीपर्यंत पोचायला लागतात. मुलींच्या ओळीही वाढतात. साठच्या दशकात सकाळी मुली, दुपारी मुलगे आणि संध्याकाळी साडेसहानंतर त्याच बाकांवर रात्रशाळा, इमारत एक आणि शाळा तीन.

आणि मग सत्तरीत जन्मस्थानाचा रकाना बदलतो. गावांची नावं कमी होत जातात आणि 'मुंबई' यायला लागतं. मी स्वतः त्यातलीच, वाडिया हॉस्पिटल. एवढ्या एका बदलात केवढी गोष्ट आहे बघा. आधी बाप्ये खानावळीत जेवायचे, एका खोलीत पाळी बदलून झोपायचे, बायको गावी, पोर शिकायला म्हणून मुंबईत. आता बायको आली, दहा बाय बाराच्या खोलीत संसार आला, बाळंतपणं परळला व्हायला लागली. शाळेने पाचवी ते सातवीचे वर्ग काढले, तुकड्या वाढल्या, अ-ब-क-ड करत फ पर्यंत गेल्या. १९७५ च्या मार्चमध्ये नव्या पद्धतीची पहिली दहावी झाली आणि अकरावी शाळेतून निघून कॉलेजात गेली, त्या मोकळ्या झालेल्या खोल्यासुद्धा लगेच भरल्या.

१८ जानेवारी १९८२.

त्या दिवशी गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार, पुढारी दत्ता सामंत, हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर लिहून झालंय बोलून झालंय. मी तेव्हा पाचवीत. बाबा बेस्टमध्ये असल्यामुळे आमच्या घरी पगार येत होता आणि मजल्यावर बाकी बहुतेक घरी येत नव्हता, त्यामुळे आई संध्याकाळी दार लोटून घ्यायची आणि मासळी करायची बंद झाली, वास जातो म्हणून. हे मला आठवतं. शाळेतलं फारसं आठवत नव्हतं, ते रजिस्टराने दाखवलं.

एरवी दाखला नेल्याच्या तारखा मे-जूनमध्ये असतात. निकाल लागला, दाखला घेतला, गेला. १९८२ आणि ८३ मध्ये त्या वर्षभर विखुरल्यात. ऑगस्ट. दिवाळीच्या सुट्टीनंतर भसकन एक मोठा गठ्ठा, कारण पोरं सुट्टीला गावी गेली ती परत आलीच नाहीत आणि बापाने पोस्टाने अर्ज पाठवला. जानेवारी, फेब्रुवारी. परीक्षेला दोन महिने असताना कोण दाखला काढतं? आणि कारण. इथे मला त्या वेळच्या क्लार्कचे आभार मानायचेत, आता ते हयात नाहीत. या रकान्यात नंतरच्या काळात सरसकट 'पालकांच्या विनंतीवरून' असंच लिहिलेलं आहे, ते लिहून कोणाचं काही बिघडत नाही, इन्स्पेक्शनमध्ये शंका निघत नाही. या गृहस्थांनी तसं केलं नाही. 'गावी गेल्यामुळे'. 'गिरणी बंद, गावी'. 'हॉटेलात कामास'. 'आजोळी'. एका मुलीच्या ओळीत 'आई कामावर, लहान भावंडे'. बारीक तिरकं अक्षर, शाई फिकट झालीये पण वाचता येतं.

त्याहून जास्त मी थांबले ते पुढच्या पानांवर. लाल शाईत 'पुनःप्रवेश'. काही मुलं वर्षाने, दोन वर्षांनी परत आली. गावी शाळा लांब, शेती जेमतेम, किंवा बापाने मुंबईत दुसरं काहीतरी धरलं असेल, वॉचमन, भाजीची गाडी, फाटकावर बसून वडापाव. नियमाप्रमाणे त्यांना नवा नंबर द्यावा लागला आणि यत्ता एक खाली. म्हणजे आमच्या आठवीत अचानक आलेली ती उंच, मिसरूड फुटलेली, मागच्या बाकावर गप्प बसणारी मुलं, ज्यांना आम्ही ढ समजून हसायचो, ती ही होती. पीटीचे सर त्यांना कधी मारायचे नाहीत. का, ते आम्हाला कळायचं नाही.

फीच्या वहीत या दोन वर्षांत बाकी, बाकी, बाकी असं लिहिलेलं आहे आणि समोर मुख्याध्यापकांची आडवी सही. वसुलीची नोंद नाही. संस्थेच्या मीटिंगच्या मिनिट्समध्ये यावर अवाक्षर नाही, तिथे त्या काळात सभागृहाच्या पंख्यांवर चर्चा चालू आहे.

आता मुद्द्याचं. कमिटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये कोणीतरी एकजण उसासा टाकून म्हणतोच, इंग्रजीने आपली शाळा खाल्ली. पालकांना मराठीची लाज वाटते, वगैरे वगैरे. टीव्हीवरच्या चर्चेत पण हेच. मला हे पटत नाही आणि रजिस्टर बघितल्यापासून तर मुळीच पटत नाही. आमच्या शाळेतून मुलं गेली ती आधी बापाच्या नोकरीमागे गेली, मग घरामागे गेली, आणि इंग्रजी त्या रांगेत तिसरी उभी होती. तारखा बघा ना. संपाचा फटका ८२-८३ चा. त्यानंतर पट थोडा सावरतोही. मग १९९१ ची विकास नियंत्रण नियमावली आली, तिच्यातला नियम ५८, गिरण्यांच्या जमिनी विकसित करायला परवानगी, एक तृतीयांश मोकळी जागा, एक तृतीयांश घरं, बाकीचं मालकाला. २००१ मध्ये त्यात अशी दुरुस्ती केली की वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीची, बांधकामाखालची नाही, मग वाटायला उरलं काय? २००६ ला सुप्रीम कोर्टानेही ते उचलून धरलं. गिरणीच्या जागी टॉवर आले की आजूबाजूच्या चाळींचे भाव कुठे जातात ते सांगायला नको. पागडीच्या, म्हणजे जुन्या भाडेहक्काच्या, खोल्या विकल्या गेल्या. दोन भावांत एक खोली, विकून दोघांना डोंबिवलीला वन रूम किचन.

ही हालचाल रजिस्टरात संपासारखी धाडकन दिसत नाही. घर डोंबिवलीला गेलं तरी नववी-दहावीतला मोठा मुलगा लोकलने याच शाळेत येत राहतो, बोर्ड होईपर्यंत शाळा बदलायची नाही म्हणून. दाखला निघतो तो पाचवी-सहावीतल्या धाकट्याचा. एकाच आडनावाच्या, एकाच पत्त्याच्या दोन ओळी, धाकट्याची आधी संपते. कारण 'स्थलांतर'. कुठे, तर डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरार. ही मुलं तिथे मराठी शाळेतच गेली हो! तिकडच्या मराठी शाळांच्या तुकड्या त्याच काळात फुगल्या. भाषा सोडून कोणी पळालं नव्हतं, परळमध्ये राहणंच परवडत नव्हतं. २०१२ साली म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची पहिली लॉटरी काढली त्यात ६,९२५ घरं होती. अडीच लाख कामगारांच्या हिशोबात हे कितीसं, तुम्हीच बघा.

इंग्रजी आलीच नाही असं मी म्हणत नाही. २००० पासून सरकारने पहिलीपासून इंग्रजी विषय केला, आम्ही आठवीपासून सेमी इंग्लिश सुरू केलं, गणित-विज्ञान इंग्रजीतून, तरी केजीपासून इंग्रजी शाळेत घातलेलं मूल पाचवीला आमच्याकडे कशाला येईल. आणि आम्हाला मुलं पुरवणाऱ्या म्युनिसिपालटीच्या मराठी शाळाच आटत गेल्या तर पाचवीचा वर्ग भरणार कशाने? माझी मुलगी इंग्रजी माध्यमात शिकली. कमिटीतल्या सगळ्यांची मुलं इंग्रजी माध्यमात शिकली. मला त्याचं अपराधी वगैरे वाटत नाही, पण माइकवरून दुसऱ्यांच्या पालकत्वावर बोलायचं असेल तर आधी स्वतःच्या घरातलं सांगावं असं मी मीटिंगमध्ये म्हटलं, त्यावर चहा आला.

पट कमी झाला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात, शिक्षक कमी होतात, सरप्लस ठरलेले दुसरीकडे जातात, चित्रकलेचे आणि पीटीचे शिक्षक रिटायर झाले की ती जागा भरली जात नाही. आमच्या चित्रकलेच्या वर्गात आता निवडणुकीचं सामान असतं. रात्रशाळाही रोडावली, २०१७ मध्ये दिवसा नोकरी करून तिथे शिकवणाऱ्या दुबार शिक्षकांना काढल्यावर तर तिथल्या मुलांना गणिताला सर मिळेनात. हे सगळ्यांना माहीत आहे, लांबवत नाही.

मला दाखवायचं होतं ते शेवटच्या खंडातलं. हा कॉम्प्युटरवरूनही भरतात पण हाताने लिहिलेली प्रत ठेवलीये. यात आईच्या नावाचा रकाना आहे, जो आमच्या वेळी नव्हता. मातृभाषेचा रकाना, जिथे पूर्वी डोळे झाकून 'मराठी' लिहायचे, तिथे आता हिंदी, कन्नड, तेलुगू, नेपाळी. पालकांचा व्यवसाय सिक्युरिटी, ड्रायव्हर, डिलिव्हरी, घरकाम. गिरणीच्या जागेवरच्या टॉवरमध्ये कामाला येणाऱ्यांची मुलं. टॉवरमधली मुलं अर्थातच नाहीत, त्यांची बस सकाळी आमच्या गेटसमोरच वळते आणि पाच मिनिटं ट्रॅफिक तुंबवते. आणि जन्मस्थान? परत गावं. दरभंगा, बस्ती, यादगीर, नेपाळातली काही जी मला वाचताही आली नाहीत. मुलगा मुंबईत शिकतोय पण जन्मला गावी. काही तारखा परत १ च्या आहेत, १ जानेवारी, १ जुलै, तिकडच्या गुरुजींचा अंदाज वेगळा.

ही मुलं झेंडावंदनाला खणखणीत मराठीत सूत्रसंचालन करतात. मराठीच्या बाई म्हणाल्या, "घरी मराठी नसलेल्यांचे र्‍हस्व-दीर्घ जास्त बरोबर असतात, ते नियमाने लिहितात." कमिटीतल्या एका काकांना हे काही झेपलं नाही, ते म्हणाले आपली शाळा आता आपली राहिली नाही. मी त्यांना पहिल्या खंडातलं त्यांच्या बॅचचं पान दाखवलं, तिथे काळाचौकीच्या मूळ कोळी-भंडारी घरातली मुलं हाताच्या बोटांवर, बाकी सगळे बाहेरगावचे. काका स्वतः संगमेश्वरचे. त्यांनी स्वतःची ओळ शोधून काढली, जन्मतारीख बघितली आणि म्हणाले ही चुकीची आहे, मी भाद्रपदातला.

स्मरणिकेत काय जाणार याचा फैसला झालाय. संपाचं पान जरा 'निगेटिव्ह' वाटतंय म्हणून अर्धं करायचं ठरलं, मी ते पाऊण पानावर आणलं. पुनःप्रवेशाचा परिच्छेद मात्र ठेवायला लावला, त्यासाठी भांडले. काकांनीच बाजू घेतली, हे अनपेक्षित होतं. एका माजी विद्यार्थ्याचं झेरॉक्स आणि स्कॅनिंगचं दुकान आहे तो सगळे खंड फुकट स्कॅन करून देणार आहे, पहिल्या खंडाची पानं कडेने तुटायला लागलीत म्हणून तिथूनच सुरुवात करायची होती. पण परवा फोन आला की सुरुवात तिसऱ्या खंडापासून केलीये, कारण लांज्याहून एकजण आलेत, त्यांना आजोबांच्या नोंदीची सहीशिक्क्याची नक्कल शुक्रवारच्या आत हवीये आणि क्लार्क म्हणतायत पहिला खंड कुठे पळून जात नाही, तुमचं काम पुढच्या आठवड्यात.